कोंड्याचा मांडा : अल्प भांडवलातील साहसदृश्यांचा इतिहास

सन १९३५ मध्ये मुंबईच्या ग्रँट रोड भागातील सुपर सिनेमागृहात ‘हंटरवाली’ नावाचा बोलपट लागला. तो तयार झाला तेव्हा घेण्यास वितरक पुढे येईनात. सोनेरी केसांची, निळ्या डोळ्यांची एक गोरी बाई तोंडावर बुरखा चढवून घोडा फेकते, भिंतीवरून उड्या घेते आणि दांडग्या पुरुषांना हंटरने झोडपून काढते, असले चित्र या देशात कोण पाहणार, असा त्यांचा सवाल होता. अखेर निर्माते वाडिया बंधू आणि त्यांचे भागीदार मंचरशा बिलिमोरिया यांनी स्वतःच्या जोखमीवर ते प्रदर्शित केले. ते २५ आठवड्यांहून अधिक चालले. पिटात बसणाऱ्या गिरणी-कामगारापासून शाळा चुकवून आलेल्या पोरापर्यंत सर्वांच्या तोंडी हंटरवालीचे नाव झाले.

या चित्रपटास सुमारे ८० हजार रुपये खर्च आला, असे सांगितले जाते. वाडियांच्या दृष्टीने ही रक्कम लहान नव्हती. परंतु ज्या अमेरिकन साहसपटांचा आदर्श त्यांनी डोळ्यांपुढे ठेवला होता, त्यांच्याशी ती ताडून पाहिली म्हणजे खरे प्रमाण ध्यानात येते. डग्लस फेअरबँक्स या नटाचा ‘थीफ ऑफ बगदाद’ १९२४ मध्ये निघाला, त्याला दहा लाख डॉलरांहून अधिक, म्हणजे त्या वेळच्या भावाने तीस लाख रुपयांच्या वर खर्च आला होता. ज्या प्रेक्षकाने चार आणे देऊन फेअरबँक्स पाहिला, तोच प्रेक्षक चार आणे देऊन हंटरवाली पाहावयास येणार होता. त्याला दोहींच्या जमाखर्चाशी काय कर्तव्य? उडी उडीसारखी दिसली पाहिजे आणि ठोसा ठोशासारखा बसला पाहिजे, एवढेच त्याचे मागणे होते. हे मागणे तुटपुंज्या भांडवलात पुरे कसे करण्यात आले, आणि ते करताना जी काटकसर झाली तिची किंमत कोणी मोजली, याचा इतिहास मोठा मनोरंजक आहे; आणि थोडा अंतर्मुख करणाराही आहे.

पडद्यावरील साहसाचा पहिला आधार म्हणजे पुतळा. सन १८९५ मध्ये अमेरिकेत एडिसनच्या कारखान्यात स्कॉटलंडची राणी मेरी हिच्या शिरच्छेदाचे एक चित्र घेण्यात आले. ते अर्ध्या मिनिटाचेही नाही. राणी ओंडक्यावर मान ठेवते, मारेकरी कुऱ्हाड उगारतो, आणि शिर धडावेगळे होते. यातली युक्ती अगदी साधी आहे. कुऱ्हाड वर असतानाच कॅमेरा थांबवला, सर्व मंडळी जागच्या जागी खिळून उभी राहिली, राणीचे काम करणारी व्यक्ती उठून गेली आणि तिच्या जागी त्याच पोषाखाचा पुतळा ठेवून कॅमेरा पुन्हा सुरू केला. फितीवर मधला अवकाश उमटलाच नाही. प्रेक्षकाला एकच अखंड क्रिया दिसली.

आठ वर्षांनी, १९०३ मध्ये, एडविन पोर्टर याने ‘द ग्रेट ट्रेन रॉबरी’ हे सुमारे बारा मिनिटांचे चित्र काढले. त्यात धावत्या आगगाडीच्या कोळशाच्या डब्यावर दरोडेखोर आणि आगवाला यांची झटापट होते आणि आगवाल्याला गाडीखाली फेकून दिले जाते. फेकला जातो तो अर्थात पुतळाच. परंतु येथे एक नवी गोष्ट साधली होती. झटापट खऱ्या माणसांची, गाडी खरी, मागे धावणारी झाडी खरी. खोटा होता तो फक्त शेवटचा एक क्षण. खऱ्याच्या राशीत खोट्याचा एक दाणा मिसळला की तो निवडून काढणे कठीण जाते. गरीब निर्मात्याने पुढे हाच धडा गिरवला. राजवाडा बांधण्यास द्रव्य लागते. परंतु डोंगर, नदी, पूल आणि आगगाडी ही कोणाच्या तिजोरीतून बांधावी लागत नाहीत, ती परवानगी मिळवली की वापरता येतात.

आपल्या देशात या विद्येचा पाया दादासाहेब फाळके यांनी घातला. चित्रपटांकडे वळण्यापूर्वी ते छायाचित्रण शिकले होते, छापखाना चालवत होते, आणि विशेष म्हणजे जादूचे प्रयोगही करीत. स्वतःच्या आडनावाची अक्षरे उलटी करून ते ‘प्रोफेसर केल्फा’ या नावाने रंगभूमीवर उभे राहत. १९१२ मध्ये विलायतेस जाऊन यंत्रसामग्री आणण्यासाठी त्यांना आपली विम्याची पॉलिसी गहाण ठेवावी लागली. १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’ मध्ये तारामतीचे काम करण्यास स्त्री मिळाली नाही, तेव्हा ते साळुंके नावाच्या आचाऱ्याला देण्यात आले. पडद्यामागे सरस्वतीबाई फाळके फितीला भोके पाडण्यापासून मंडळींच्या स्वयंपाकापर्यंत सर्व कामांत होत्या. १९१७ चे ‘लंकादहन’ आणि १९१९ चे ‘कालियामर्दन’ ही चित्रे याच घरगुती व्यवस्थेतून निघाली. ‘कालियामर्दना’त बाळकृष्णाचे काम फाळक्यांची कन्या मंदाकिनी हिने केले. यमुनेच्या डोहात नागाशी झुंजणारा तो बालक पाहून प्रेक्षक थक्क झाले. जादूगाराला एक गोष्ट नेमकी ठाऊक असते : प्रेक्षकाचे डोळे जेथे खिळवावयाचे असतील तेथे त्याला काही पाहावयास द्यावे, आणि खरे काम दुसऱ्या हाताने उरकावे. फाळक्यांची चित्रे त्या हातचलाखीचा पडद्यावरील अवतारच होती.

कोल्हापुरात या हातचलाखीला मनगटाची जोड मिळाली. बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीला तानीबाई कागलकर या गायिकेने भांडवल पुरवले. विलायती कॅमेरा विकत घेणे परवडण्याजोगे नव्हते, म्हणून बाबूरावांनी दामले यांच्या साहाय्याने १९१८ मध्ये तो स्वतःच तयार केला. १९२० च्या ‘सैरंध्री’ त भीमाने कीचकाचा केलेला वध इतका हुबेहूब वठला की प्रेक्षागृहात भीतीची लहर उठली आणि पुढे ते दृश्य कापावे लागले. १९२३ मध्ये याच कंपनीने ‘सिंहगड’ काढला. तालमींच्या, घोड्यांच्या आणि दांडपट्ट्याच्या त्या नगरीत लढवय्याचा अभिनय करणारी माणसे शोधावी लागत नव्हती. ज्याला कुस्तीत पडावे कसे हे ठाऊक असते, त्याला कॅमेऱ्यापुढेही पडता येते. पडणे ही एक विद्या आहे. हात आधी टेकावा की खांदा, श्वास केव्हा सोडावा, मान कशी आत घ्यावी, हे मल्लाच्या अंगी मुरलेले असते. भांडवलाच्या वहीत जी रक्कम नव्हती, ती कोल्हापूरच्या तांबड्या मातीने अशा रीतीने भरून काढली.

याच कंपनीत उमेदवारी केलेला मास्टर विठ्ठल हा तरुण पुढे मुंबईच्या शारदा फिल्म कंपनीत गेला आणि ‘रतन मंजरी’ (१९२६) सारख्या मूकपटांनी त्याला हिंदुस्थानचा डग्लस फेअरबँक्स ही पदवी मिळवून दिली. तलवार, घोडा आणि उडी या तीन गोष्टींवर त्याचे सारे राज्य उभे होते. १४ मार्च १९३१ रोजी गिरगावातील मॅजेस्टिक सिनेमात ‘आलम आरा’ हा पहिला हिंदी बोलपट लागला, त्याचा नायक विठ्ठलच होता. परंतु बोलपटाने मोजमाप बदलले. आता नटाचे उर्दू उच्चार कसे, त्याला गाता येते किंवा नाही, हे विचारले जाऊ लागले. शरीराने बोलणारा नट मागे पडला. शिष्ट समीक्षकांच्या लेखी साहसपट हा हलक्या लोकांचा करमणुकीचा माल ठरला. ध्वनिमुद्रण, गायक नट आणि वाद्यवृंद यांचा खर्च मात्र वाढत गेला, आणि मारामारीचे चित्र काढणाऱ्याच्या वाट्यास उरलेली चतकोर भाकरी आली.

अशा काळात जमशेद वाडिया आणि त्यांचे धाकटे बंधू होमी वाडिया यांनी १९३३ मध्ये परळ येथे वाडिया मुव्हिटोन ही संस्था स्थापिली. मुंबईच्या गोदीत इंग्रजांना जहाजे बांधून देणाऱ्या लवजी वाडियांचे हे वंशज. जमशेदजी उच्चशिक्षित होते, तरी आगगाडी, दरोडे आणि पाठलाग यांचा त्यांना लहानपणापासून छंद. १९३२ मध्येच त्यांनी ‘तुफान मेल’ हा मूकपट काढला होता. होमी प्रथम कॅमेऱ्यामागे उभे राहिले आणि नंतर दिग्दर्शक झाले. ही गोष्ट फार महत्त्वाची आहे. स्वस्तातील साहसदृश्य हे प्रथम छायालेखकाच्या डोक्यात घडते. कॅमेऱ्याला किती दिसते आणि किती दिसत नाही, हे ज्याला पक्के ठाऊक, तोच न दिसणाऱ्या भागावर पैसा वाचवू शकतो.

अशा दृश्यांत सर्रास वापरली जाणारी एक युक्ती हिशेबानेच समजून घेण्याजोगी आहे. बोलपटाची फीत सेकंदास २४ चित्रे या गतीने पडद्यावर धावते. आता झटापट घेताना कॅमेरा सेकंदास १६ चित्रे या गतीनेच चालवला, तर एका मिनिटाची झटापट पडद्यावर ४० सेकंदांत उरकते. म्हणजे नटांचा वेग दीडपट दिसतो. ताशी २० मैलांनी जाणारी आगगाडी ताशी ३० मैलांनी धावू लागते. टपावर उभ्या राहिलेल्या माणसाला वारा २० मैलांचाच लागतो, पण प्रेक्षकाच्या छातीत धडकी भरते ती ३० मैलांची. संवादाच्या दृश्यात हे करता येत नाही, कारण आवाज बिघडतो. म्हणून मारामारीची दृश्ये मुकी घेत आणि आवाज मागाहून भरत. अर्थात येथेही मर्यादा होती. गती फार कमी केली तर माणसे बाहुल्यांसारखी तुरुतुरु चालू लागतात आणि भयाच्या जागी हसू येते.

दुसरी युक्ती कॅमेऱ्याच्या बैठकीची. दहा फूट उंचीच्या भिंतीपाशी कॅमेरा जमिनीलगत ठेवून वर रोखला, भिंतीचा माथा आकाशाला टेकवला आणि पायथा चौकटीबाहेर सोडला, की तीच भिंत किल्ल्याचा बुरूज होते. उडीचे तीन तुकडे करीत. पहिल्या तुकड्यात नट माथ्यावरून झेप घेतो. खाली चौकटीबाहेर गवताच्या पेंढ्यांचा किंवा गाद्यांचा ढीग असतो. दुसऱ्या तुकड्यात पाहणाऱ्याचा भेदरलेला चेहरा. तिसऱ्यात तोच नट मेजाएवढ्या उंचीवरून उडी घेऊन जमिनीवर पाय रोवतो. तिन्ही तुकडे जोडले की चाळीस फुटांची उडी तयार. चौथ्या युक्तीची गरज पडली तर फीत उलटी चालवीत. ल्युमिएर बंधूंनी १८९६ मध्येच पडलेली भिंत उलट्या फितीने पुन्हा उभी करून दाखवली होती. त्याच न्यायाने भिंतीवरून पाठमोरी उडी घेणारा नट उलट्या फितीत जमिनीवरून थेट भिंतीवर चढून बसतो.

या सर्व युक्त्यांत एक समान सूत्र आहे. प्रत्येकीत खर्च होतो तो विचाराचा आणि पूर्वतयारीचा. द्रव्याचा नव्हे आणि हाडांचाही नव्हे. अशाच बुद्धीचे एक ठळक उदाहरण १९३७ मध्ये घडले. विजय भट्ट यांना ‘ख्वाब की दुनिया’ या चित्रपटात अदृश्य मनुष्य दाखवावयाचा होता. हॉलिवूडने १९३३ मध्ये असा चित्रपट काढला होता, परंतु तेथील प्रयोगशाळांची साधने येथे कोठून यावी? बाबूभाई मिस्त्री या तरुणाने काळ्या पडद्यापुढे काळ्या दोऱ्याने वस्तू हलवून ते काम केले. काळ्यावर काळे दिसत नाही, एवढ्या एका सत्यावर सारे दृश्य तरून गेले आणि त्याला ‘काला धागा’ हे नाव पडले. पुढे होमी वाडियांच्या बसंत पिक्चर्सच्या अनेक चित्रांतील चमत्कार याच बाबूभाईंच्या हातचे. दोऱ्याचे एक रीळ दोन-चार पैशांस मिळे. त्या रिळाचे मोल करणारी दृष्टी मात्र बाजारात मिळत नव्हती.

तथापि सर्वच गोष्टी दोऱ्याने साधत नाहीत. प्रेक्षकाला खरा चेहरा आणि खरा धोका एकाच चौकटीत पाहावयाचा असतो. मोठ्या संस्था अशा वेळी नटाच्या जागी त्याचा तोतया उभा करतात. पानिपतानंतर निघालेल्या भाऊसाहेबांच्या तोतयाप्रमाणे हा तोतयाही दुरून हुबेहूब दिसतो आणि जवळ आला की उघडा पडतो. म्हणून कॅमेरा लांब ठेवावा लागतो, दृश्य अधिक तुकड्यांत घ्यावे लागते, आणि दोन माणसांचा पगार पडतो. वाडियांना या अडचणीतून सोडवले ते नादियाने.

नादियाचे मूळ नाव मेरी अ‍ॅन इव्हान्स. तिचा जन्म ८ जानेवारी १९०८ रोजी ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे झाला. वडील ब्रिटिश सैन्यात; त्यांच्यामागून ती पाच वर्षांची असताना मुंबईस आली. पहिल्या महायुद्धात वडील कामास आले. पुढे वायव्य सरहद्दीवर पेशावरास राहताना ती घोड्यावर बसण्यास शिकली. मुंबईस परत आल्यावर तिने दुकानात नोकरी केली, एका रशियन बाईंच्या नृत्यपथकात नाच शिकली आणि काही दिवस सर्कशीतही काढले. वाडियांनी तिला प्रथम ‘देश दीपक’ आणि ‘नूर-ए-यमन’ या चित्रांत लहान कामे दिली आणि मग १९३५ मध्ये ‘हंटरवाली’ तिच्या हाती सोपवली. नर्तिकेचा तोल, घोडेस्वाराची मांडी आणि सर्कशीतल्या माणसाची शिस्त या तिन्ही गोष्टी एका देहात मिळाल्या. तोतयाची गरजच उरली नाही. कॅमेरा जवळ जाऊ शकला, तुकडे कमी झाले, आणि जे दृश्य परदेशात चार दिवस खाते ते येथे कमी दिवसांत पुरे होऊ लागले. १९३६ च्या ‘मिस फ्रंटियर मेल’ मध्ये चालत्या आगगाडीच्या टपावर तिने केलेली झटापट याच काटकसरीचे फळ. पुढे ‘पंजाब मेल’ (१९३९), ‘डायमंड क्वीन’ (१९४०), ‘जंगल प्रिन्सेस’ (१९४२) अशी मालिकाच निघाली.

येथवर ही कथा कौतुकाची आहे. परंतु इतिहास लिहिणाऱ्याने जमेची बाजू वाचून वही मिटू नये. नादिया टपावर एकटी नव्हती. तिने ज्यांना उचलून फेकले, ज्यांना टपावरून ढकलले, जे जिन्यावरून गडगडत खाली आले, ती सारी खऱ्या हाडामांसाची माणसे होती. ठोसा मारणाऱ्याला कौशल्य लागते, तितकेच तो खाऊन पडणाऱ्यालाही लागते. किंबहुना जमिनीशी गाठ पडते ती पडणाऱ्याचीच. नादियाचे नाव जाहिरातीवर ठळक अक्षरांत छापले गेले. बोमन श्रॉफ, जॉन कावस यांसारख्या सहकाऱ्यांची नावेही रसिकांना ठाऊक झाली. परंतु दृश्याच्या कडेला जे पाच-सहा जण पडतात आणि पुन्हा उठून पडण्यास सज्ज होतात, त्यांच्या नावांची नोंद श्रेयनामावलीत शोधावी तर ती बहुधा सापडत नाही. त्यांचा मुका मार कोणत्याही जमाखर्चात नाही.

हे केवळ गरीब देशातच घडले असे मात्र नव्हे. हॅरल्ड लॉईड या अमेरिकन विनोदी नटाचे घड्याळाच्या काट्याला लोंबकळणारे चित्र जगप्रसिद्ध आहे. ‘सेफ्टी लास्ट’ या १९२३ च्या चित्रातील हे दृश्य म्हणजे आडाख्याचा उत्तम नमुना होय. इमारतीच्या दर्शनी भिंतीचा देखावा दुसऱ्या एका इमारतीच्या गच्चीवर उभारला होता आणि कॅमेरा असा रोखला होता की गच्ची वगळून खालचा गजबजलेला रस्ताच दिसावा. लॉईडच्या पायाखाली काही फुटांवर गाद्या घातलेली फळी होती. ती कितपत पुरेशी आहे हे पाहण्यासाठी एक पुतळा टाकण्यात आला, तो गादीवर उसळून थेट रस्त्यावर गेला, असे लॉईड स्वतः सांगत असे. याचा अर्थ असा की गादी घातली म्हणजे काम संपले असे नव्हे. ती किती रुंद हवी, हेही आधी पाहावे लागते. त्या चित्रात दुरून दिसणाऱ्या काही चढाया लॉईडने केलेल्या नव्हत्या, दुसऱ्यांनी केल्या होत्या. हार्वे पॅरी या साहसकाराने आपला भाग उघड केला तो १९७१ मध्ये लॉईडच्या निधनानंतर.

याच लॉईडच्या उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी ऑगस्ट १९१९ मध्ये गेली होती. ती कोणत्याही कड्यावरून उडी घेताना गेली नव्हती. जाहिरातीसाठी छायाचित्र काढताना त्याच्या हाती एक खोटा बाँब देण्यात आला. तो खरा निघाला. त्यानंतर तो पडद्यावर कृत्रिम बोटे बसवलेला हातमोजा घालून वावरला, आणि घड्याळावर लोंबकळला तोही त्याच हाताने. ज्या दृश्याची भीती वाटते त्याची तयारी माणूस डोळ्यांत तेल घालून करतो. अनर्थ ओढवतो तो ‘यात काय आहे’ असे म्हणून उरकलेल्या कामात.

बस्टर कीटन या दुसऱ्या नटाने याच्या उलट मार्ग धरला. ‘स्टीमबोट बिल ज्युनियर’ (१९२८) या चित्रात वादळात एका घराची अखंड दर्शनी भिंत त्याच्या अंगावर कोसळते. माळ्याची उघडी खिडकी नेमकी त्याच्यावरून जाते आणि तो जसाच्या तसा उभा राहतो. येथे पुतळा नव्हता, दोरा नव्हता. भिंत खरोखर जड होती आणि खिडकीच्या चौकटीला त्याच्या देहापासून काही इंचांचेच अंतर होते. पाय कोठे रोवावयाचे ती जागा आखून ठेवलेली होती. हे दृश्य आजही पाहणाऱ्याचा श्वास रोखते. परंतु त्याची गणना अनुकरणीय गोष्टींत करता येईल काय, हा प्रश्न उरतोच. मोजमाप बरोबर होते म्हणून ते साहस ठरले. दोन इंच चुकले असते तर त्याला दुसरे नाव मिळाले असते, आणि ते नाव कीटनला ऐकू आले नसते.

यावरून अल्प भांडवलातील साहसदृश्याचा खरा कस कशात आहे ते दिसून येते. निर्मात्याच्या हाती पैसा थोडा असला की त्याच्यापुढे दोन वाटा फुटतात. एक वाट बुद्धीची. ती पुतळ्यापासून, मंद गतीच्या कॅमेऱ्यापासून, जमिनीलगतच्या बैठकीपासून काळ्या दोऱ्यापर्यंत जाते. या वाटेने जाणारा राजवाड्यावर, पोषाखांवर आणि गर्दीवर काटकसर करतो. गाद्यांवर, तालमीवर आणि विश्रांतीवर करीत नाही. दुसरी वाट वरवर अधिक सोपी. तिच्यात गाद्या कमी घालावयाच्या, तालीम वगळावयाची, संध्याकाळचा उजेड जाण्यापूर्वी थकलेल्या माणसाकडून आणखी एक उडी घ्यावयाची. दोन्ही वाटांनी दृश्य तयार होते आणि पडद्यावर पुष्कळदा सारखेच दिसते. हिशेबात मात्र फरक आहे. पहिल्या वाटेने वाचलेला पैसा खरोखर वाचलेला असतो. दुसऱ्या वाटेने वाचलेला पैसा पडणाऱ्याच्या नावावर काढलेले कर्ज असते, आणि ते त्याला न विचारता काढलेले असते.

वाडिया मुव्हिटोनची पुढील हकीकतही बोधप्रद आहे. साहसपटांनी मिळवून दिलेल्या प्रतिष्ठेच्या बळावर जमशेदजींनी १९४१ मध्ये ‘राजनर्तकी’ हा उच्च अभिरुचीचा चित्रपट हिंदी, बंगाली आणि इंग्रजी अशा तीन भाषांत काढला. पुढल्याच वर्षी, १९४२ मध्ये, होमींनी बसंत पिक्चर्स ही निराळी संस्था काढून साहसपटांची आणि पौराणिक चित्रांची परंपरा चालू ठेवली. परळची वास्तू त्याच वर्षी व्ही. शांताराम यांच्याकडे गेली आणि तेथे राजकमल कलामंदिर उभे राहिले. हे शांताराम म्हणजे कोल्हापूरच्या त्याच महाराष्ट्र फिल्म कंपनीत घडलेले, १९२३ च्या ‘सिंहगडा’त शेलारमामा झालेले तरुण होत. ज्या मातीने पडण्याची विद्या दिली, तिच्याच एका पुत्राकडे साहसपटांचे हे घर आले, हा योगायोग लक्षात राहण्याजोगा आहे.

नादिया आणि होमी वाडिया यांचा विवाह १९६१ मध्ये झाला. ९ जानेवारी १९९६ रोजी, वयाची ८८ वर्षे पुरी करून दुसऱ्याच दिवशी, तिने जगाचा निरोप घेतला. त्यापूर्वी १९९३ मध्ये वाडिया घराण्यातीलच रियाद वाडिया यांनी तिच्यावर एक माहितीपट काढला, त्यामुळे नव्या पिढीला तिची ओळख झाली. मुंबईत साहसकारांची स्वतःची संघटनाही उभी राहिली आणि पडणाऱ्याला नाव, मोबदला आणि औषधपाणी मिळाले पाहिजे हा विचार हळूहळू रुजला. तो रुजण्यास फार वर्षे लागली, एवढे मात्र खरे.

कोंड्याचा मांडा करणारी गृहिणी आपल्याकडे सुगरण म्हणून गौरवली जाते, आणि ते योग्यच आहे. परंतु घरात खाणारी तोंडे किती आणि शेवटी ताटावर कोण बसले, हे पाहिल्यावाचून तिच्या सुगरणपणाची पुरती पारख होत नाही. सर्वांची पाने वाढून झाल्यावर स्वतः उपाशी निजणारी एखादी त्या घरात असेल, तर मांडा गोड लागला तरी हिशेब चुकला असे म्हणावे लागते. जुन्या साहसपटांचे तुटके रीळ आज कोठे पाहावयास मिळालेच, तर हंटर चालवणाऱ्या हाताकडे कौतुकाने जरूर पाहावे. मग क्षणभर दृष्टी कडेला वळवावी. तेथे कोणी एक निनावी मनुष्य पडत असेल, आणि पुढच्या दृश्यासाठी अंगावरची धूळ झटकून उठत असेल.